लागलेली नोकरी सोडून पोरं परत का येतात हे बघायला वाळूजला गेलो होतो त्याची गोष्ट

मी फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याची आयटीआय, ट्रेडचं कागदावरचं नाव जोडारी, पण जोडारी म्हणलं की माझ्या घरीसुद्धा कुणाला कळत नाही, फिटरच म्हणायचं, लोखंडाचे भाग घासून मापात जोडायचं काम. एका तुकडीत वीस पोरं, दोन वर्षांचा कोर्स. परवा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या सरांचा फोन आला की तुमची पोरं आता कंपनीत टिकायलीत म्हणे, काय केलं बाबा असं? सांगत बसलो तर पाऊण तास गेला आणि तरी अर्धं राहिलंच, म्हणून सरळ टाइप करून टाकतोय. लै मोठं काही केलेलं नाही हे आधीच सांगून ठेवतो.

२०२२ ला पास झालेली बॅच. कोरोनातली पोरं, पहिल्या वर्षी फाईल, म्हणजे कानस, कशी धरायची हे मोबाईलवर बघून शिकलेली, नंतर वर्कशॉप सुरू झालं तेव्हा जमेल तसं आम्ही रगडून घेतलं. कॅम्पसला संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतली एक कंपनी आली आणि वीसपैकी अकरा सिलेक्ट झाली. पेढे वाटले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, त्याखाली अभिनंदनाच्या हाताच्या रांगा लागल्या, मीबी दोन दिवस जरा छाती काढूनच फिरलो.

दोन अडीच महिन्यांनी आठवडी बाजारात भाजी घेत होतो तर मोबाईलच्या दुकानापुढं त्या अकरातला एक उभा. मला बघून तोंड फिरवलं. म्हणलं, काय रे, सुट्टीवर आलास का? "नाही सर, सोडली." का रे? "करमत नव्हतं." मग एकेकाला फोन लावत गेलो, कुणाचा बंद, कुणाची आई उचलायची. अकरापैकी आठ जण गावात परत आले होते. कारणं विचारली तर जेवण बरोबर नाही, काम लै आहे, तब्येत बिघडली, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच, करमत नव्हतं. पुढचा महिनाभर मी स्टाफरूममधे हेच बोलत होतो की आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. बोलायला सोपं असतंय ते, चहा संपेपर्यंत पुरतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ही पोरं ऊसतोड्यांच्या घरातली होती. आईबाप दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन कोयता घेऊन निघणार, सांगली कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. यातल्या दोघातिघांनी स्वतः फडात मोळ्या वाहिलेल्या आहेत, पहाटे तीनला उठून. त्याला आठ तास मशीनपुढं उभं राहणं जड जातं? पटेना.

मग एका शनिवारी बॅग घेतली आणि गेलो. गेवराई, पाचोड, आडूळ करत संभाजीनगर, तिथून वाळूज. उरलेल्या तिघांच्या खोलीवर रांजणगावला उतरलो, रांजणगाव शेणपुंजी म्हणजे बजाजनगरच्या अलीकडं पलीकडं कामगारांच्या खोल्याच खोल्या. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, त्यात पाच जण. एक नाईट करून आलेला तोंडावर रुमाल टाकून झोपलेला, त्याच्या पायापाशी दुसरा खिचडी टाकतोय. मला बसायला पाण्याचा जार उलटा करून दिला. तिथं पहिल्यांदा हिशोब कळला, जो मी सतरा वर्षं नोकरी करून कधी पोरांसोबत मांडला नव्हता. अॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून लागलेल्या आयटीआयवाल्याचा स्टायपेंड तेव्हा २०१९ च्या नियमाप्रमाणं कमीत कमी ७ हजार होता. पण तो महिना भरल्यावर, त्यातबी पुढच्या महिन्याच्या सात दहा तारखेला. म्हणजे पहिला पैसा दिसायला चाळीस दिवस. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाड्यातला वाटा, मेसचा अॅडव्हान्स, सेफ्टी शूज, शेअर रिक्षा. आठ नऊ हजार घरून न्यायला पाहिजेत. आणि ही पोरं निघाली होती दीड दोन हजार घेऊन, दसऱ्याच्या तोंडावर, म्हणजे मागायचं म्हणलं तरी घरी मागायला माणूस नाही, सगळे फडावर.

एकानं सांगितलं की तो बाजारात भेटलेला पोरगा शेवटचे आठ दिवस एकवेळ जेवत होता. म्हणलं मला फोन का नाही केला? सगळे गप. मग तो खिचडीवाला म्हणला, "सर तुमाला कसं सांगावं, तुमी पेढे वाटले होते की."

हे ऐकून खिचडी गिळंना.

दुसऱ्या दिवशी सुपरवायजरला भेटलो. आत जायला गेटपास नव्हता म्हणून गेटसमोरच्या टपरीवर. माणूस परभणीकडचा, स्वतः आयटीआय मशिनिस्ट, हाताखाली दोन लाइन. मी मनात तयारी करून गेलो होतो की हा म्हणणार तुमच्या पोरांना इंग्रजी येत नाही, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, येत नाही. तो म्हणला, "सर पोरं कामाला वाघ आहेत. मशीन आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो. पण तुमची पोरं सांगत नाहीत."

काय सांगत नाहीत?

तर एक किस्सा सांगितला त्यानं. टर्निंगचं काम, म्हणजे पीस फिरवत कापायचा, पीसला बोर, म्हणजे गोल भोक. दर पाच पीसनंतर प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचा दांडा, लावून बघायचा, गो बाजू आत गेली पाहिजे, नो गो जाता कामा नये. इन्सर्ट, म्हणजे कापणारी धार, झिजत आला की बोर बारीक बारीक यायला लागतो आणि गो अडकतो. हे रोजचं आहे, त्यात ऑपरेटरची काहीच चूक नाही, सांगितलं की मशीनला ऑफसेट दिला, म्हणजे तेवढा फरक मापात भरला, अर्ध्या मिनिटाचं काम, अन् झालेले पीससुद्धा बोर बारीक असल्यामुळं परत मशीनला लावून वाचवता येतात. आमच्या पोराचा गो अडकला. त्यानं पुढचा पीस बघितला, तोबी अडकला. तो घाबरला आणि त्यानं कुणाला न सांगता अकरा पीस चिप्सच्या, म्हणजे लोखंडाच्या किसाच्या, ट्रॉलीत खाली दाबले. संध्याकाळी काउंट जुळंना तेव्हा सापडले. सुपरवायजर म्हणला, मी रागावलोबी नाही हो, नुसतं विचारलं, तर दुसऱ्या दिवशीपासून पोरगं आलंच नाही. फोनबी नाही. "अकरा पीसचं काय एवढं नसतंय सर, पण लपवणारा माणूस मला लाइनवर उभा करता येत नाही."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून मला आमचं वर्कशॉप दिसायला लागलं. ज्यांनी फिटर केलंय त्यांना कळेल. मेल फिमेल जॉब असतो (जॉब म्हणजे बनवायची वस्तू), एमएसच्या फ्लॅटचे, म्हणजे साध्या लोखंडी पट्टीचे, दोन तुकडे, एकात चौकोनी खाच, दुसऱ्याचा चौकोनी दांडा त्यात बसवायचा, सगळं हातानं फाईल मारून. दोन्ही जोडून उजेडासमोर धरायचं, मधून उजेड दिसला की गॅप आहे. फाईल जास्त लागली तर गॅप पडणारच, आणि लोखंड एकदा गेलं की परत येत नाही. मग पोरं काय करतात, कडेला पंच लावून हळूहळू ठोकतात, धातू थोडा पसरतो, गॅप मिटल्यासारखी दिसते, वरून बारीक फाईल फिरवायची की डाग गायब. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय हे, सीनियर ज्युनियरला शिकवतात. आणि मला ते दिसतं. मी स्वतः पोरगा असताना केलंय. दिसूनबी सही करतो, कारण जॉब संपवायचेत, रेकॉर्ड पूर्ण करायचंय, आणि चुकलेला जॉब दाखवला तर मी काय करत होतो? मार्क कापत होतो आणि सगळ्यांसमोर म्हणत होतो, "बापाचं लोखंड आहे का?"

म्हणजे लपवायचं शिक्षण आमच्याकडंच पूर्ण झालं होतं, दोन वर्षांचं, सर्टिफिकेटसहित.

पुढच्या सोमवारी एक पत्र्याचा डबा आणला, तेलाचा रिकामा, त्याला लाल रंग मारला. कंपनीत रिजेक्शनचा लाल बिन असतो तसला. पोरांना सांगितलं, चुकलेला जॉब यात टाकायचा, त्याला टॅग बांधायचा, टॅगवर नाव, माप किती पाहिजे होतं, किती आलं, आणि का आलं. मार्क कापणार नाही, उलट टॅग नीट भरला तर रेकॉर्डला सही. टॅगला पुठ्ठा कुठून आणायचा, तर घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता, आमच्याकडं एका लग्नसराईत दीडशे पत्रिका जमा होतात, त्या कापल्या. एका बाजूला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' आणि दुसऱ्या बाजूला २५.०० ऐवजी २४.७२.

तीन आठवडे डबा रिकामा. पोरं त्याच्याजवळून जायचीसुद्धा वाकडी होऊन, जणू त्यात विंचू आहे.

डबा उघडला तो माझ्याच चुकीनं. डेमो देत होतो, व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावून मोठ्यानं वाचलं ३२.४६. आमचं व्हर्निअर ०.०२ मिलीमीटरपर्यंत मोजणारं, बारीक रेघांत कोणती रेघ कोणत्या रेघेला भिडली ते बघायचं असतं, आणि मला चाळिशी लागलीय पण वर्कशॉपमधे चष्मा लावायची लाज वाटायची हे खरं कारण. एक पोरगं मागून हळूच म्हणलं, सर ३२.६४ दिसायलंय. परत बघितलं, त्याचंच बरोबर. आधीच्या मापावर मी मार्किंग करून एक तुकडा कापूनबी ठेवला होता, जवळजवळ दोन दशांश मिलीमीटरनं कमी. वर्गात अशी शांतता की बाहेरचा फॅन ऐकू यायला लागला. मी पत्रिकेचा तुकडा घेतला, स्वतःचं नाव लिहिलं, पाहिजे होतं ते, आलेलं ते, आणि कारणाच्या जागी 'चष्मा लावला नाही' असं लिहून डब्यात टाकला. पोरं जी हसली. हसू द्या म्हणलं. त्या आठवड्यात डब्यात सात जॉब पडले, पुढच्या आठवड्यात मोजायचं सोडून दिलं. शनिवारी सगळा डबा टेबलवर ओतायचा आणि टॅग वाचायचे, कारणं वाचता वाचता मला माझंच शिकवणं कळायला लागलं, दहातले सहा जण तर आकडा वाचण्यातच चुकत होते आणि मला वाटत होतं फाईल चुकते. मग रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं फक्त मापं वाचायची, प्रत्येकानं पाच, दुसऱ्याकडून तपासून.

दुसरं केलं ते फोनचं. आम्हाला एम्प्लॉयबिलिटी स्किल्स नावाचा विषय आहे, पहिल्या वर्षी १२० तास. परीक्षा कॉम्प्युटरवर, टिक मारायची. त्यात संवादकौशल्य आहे, टीमवर्क आहे, सगळं आहे, पोरं पटापट टिक मारतात आणि पास होतात. पण उद्या कामाला येणार नाही हे सुपरवायजरला फोन करून सांगता येतं का? तर नाही. हे मला आधी खोटंच वाटलं असतं. मी शेजारच्या खोलीत बसलो आणि एकेकाला म्हणलं मला फोन लाव, मी सुपरवायजर, तुला ताप आहे. पहिल्या दिवशी वीसपैकी पाच जणांनी फोन लावून उचलल्यावर कट केला. एक जण नुसतं "हॅलो सर... हां... बोला" म्हणत राहिला, लावला त्यानं आणि बोला मला. हिंदीतून बोलायला लावलं तर त्याहून गंमत, आपल्याकडची हिंदी तर सगळ्यांना येते, पण ती बाजारातली, सुपरवायजरला "तू कब आयेगा" म्हणायची. इंग्रजीची भीती सगळे बोलून दाखवतात, हिंदीत 'आप' लावायचा कुणी शिकवत नाही. आठवड्यातून दोनदा हा खेळ घेतला. ताप आहे, गाडी चुकली, आजी वारली, पीस खराब झाले, पगार कमी आला, मला हे मशीन कळत नाही. शेवटचं वाक्य म्हणायला पोरांना सगळ्यात जास्त दिवस लागले.

पैशाचं सांगतो थोडक्यात. पालकसभा आम्ही दरवर्षी डिसेंबरात घ्यायचो आणि म्हणायचो पालक येत नाहीत. येतील कसे, डिसेंबरात ते उसाच्या फडात. ती सभा ऑगस्टमधे घेतली, पोळ्याच्या आधी, तर वीसपैकी सोळा घरची माणसं आली, पाच जणांच्या तर आज्ज्या आल्या. त्यांच्यासमोर फळ्यावर चाळीस दिवसांचा हिशोब मांडला. एक बाप म्हणला, उचल घेताना त्यातलेच आठ हजार बाजूला काढून ठेवतो, आधी सांगायचं ना गुरुजी. गुरुजी म्हणला मला, आणि आधी सांगायचं हे मलाच ऐकवून गेला.

त्याच सभेत कागदांचंबी काम निघालं. दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आधारला जोडलेला नंबर मामाचा आणि मामा कारखान्यावर. जॉइनिंगच्या दिवशी ओटीपी मामाला जातो आणि पोरगं गेटवर उभं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाची कागदांची फाईल तपासायला लागलो, कंटाळवाणं काम आहे, पण याच्यावाचून दोघांचं जॉइनिंग हुकलेलं मी बघितलंय.

आणि एक तास फक्त पगाराची स्लिप वाचायचा. अॅप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्टर थ्रू आणि कंपनी ट्रेनी यात पोरांना फरकच माहीत नसतो, सगळ्याला 'कंपनीत लागलो'च म्हणतात. अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्यात करार होतो, सरकारी पोर्टलवर त्या कराराचा नंबर मिळतो, आमच्या ट्रेडला आयटीआय झाल्यावर एक वर्ष. ३० आणि त्याच्यावर माणसं असलेल्या कंपनीला अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. त्याला पीएफ नसतो. म्हणजे तुझ्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसला तर बाबा तू अॅप्रेंटिस नाहीस, तुला अॅप्रेंटिसचं सर्टिफिकेट मिळणार नाही. कॉन्ट्रॅक्टरकडं जाऊ नको असं मी म्हणत नाही, पोट महत्त्वाचं, पण कशावर सही करतोय ते वाचून कर. मधे २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार, तर माझे तीन फिटर त्यातून गावातल्याच ऑफिसात कागद लावायला बसले. घरापासून जवळ म्हणून खुश होते. मुदत संपली तेव्हा एकाचा हात व्हर्निअरला परत बसायला महिना लागला.

१७ सप्टेंबरला आमच्याकडं दोन कार्यक्रम एकाच दिवशी, सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आणि मग विश्वकर्मा जयंतीची मशीनपूजा. लेथला हार, नारळ, प्रसाद. त्या दिवशी पाहुणे बोलवायचं बंद केलं आणि सोडून आलेल्या त्या आठ जणांना बोलवलं. चारच आले. बाजारात भेटलेला तो आला, आता गावात वेल्डिंगचं दुकान टाकलंय त्यानं. पोरांसमोर उभा राहिला आणि म्हणला, "मला जेवायला पैसे नव्हते आणि मी सगळ्यांना करमत नाही म्हणून सांगितलं." एवढंच बोलून खाली बसला. मी दोन वर्षं जे बोलत होतो ते त्याच्या एका वाक्यात झालं, पोरं दिवसभर गप होती.

आकडे विचारणार तुम्ही, तर सांगतो. मागच्या बॅचमधले वीसपैकी चौदा जण कंपनीत गेले, सहा महिन्यांनी नऊ जण होते. पाच गेलेच. त्यातले दोघं पोलीस भरतीच्या मागं लागले, ते लागणारच. एक जण बापाचा पाय मोडला म्हणून आला, पण सुपरवायजरला फोन करून, तारीख सांगून आला आणि महिन्यानं त्याला परत घेतलं. उरलेले दोघं कशामुळं आले ते मला अजून नीट कळलेलं नाही, ते म्हणतात करमत नव्हतं.

आणि डबा आहे तिथंच आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एकानं मेल फिमेल जॉब आणून टेबलवर ठेवला. एकदम टाइट, उजेडासमोर धरला तर काही दिसंना. चष्मा लावला. कडेला दोन ठिकाणी पंचाचे बारीक डाग राहिले होते, फाईल तिथवर पोहोचली नव्हती. त्याच्याकडं बघितलं, तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मी काहीच बोललो नाही, जॉब परत त्याच्या हातात दिला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग डब्यापाशी गेला, टॅगच्या खोक्यात हात घातला आणि तिथूनच ओरडला, "सर, पत्रिका संपल्यात."